उबदार सकाळी एकाच फेरीत पक्षी आणि कीटक दोन्ही कसे पाहावेत?

तुम्ही म्हणता की नऊला बाहेर पडता, तासभर चालता, तोवर पक्षी पानांआड गेलेले असतात आणि फुलपाखरं जवळ जाताच उडतात. यात दोन गोष्टी चुकतात: वेळ आणि चाल.

उजाडल्यापासून पहिले दोन-अडीच तास पक्ष्यांचे. रात्रभराची भूक असते, त्यामुळे ते उघड्यावर येऊन चरतात. या वेळी सूर्य पाठीशी ठेवा, नाहीतर पक्ष्याचा रंग न दिसता नुसती काळी आकृती दिसेल.

कीटक तेव्हा गारठलेले असतात. त्यांच्या अंगात ऊब येते ती मुख्यतः उन्हातून. उडण्याचे स्नायू साधारण ३० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्याशिवाय बहुतेक फुलपाखरांना नीट उडताच येत नाही. म्हणून कोवळं ऊन पहिल्यांदा जिथे पडतं, ती पूर्वेकडची झुडपं आणि उघडे दगड आधी हेरून ठेवा. पंख पसरून ऊन खात बसलेलं फुलपाखरू तिथे हमखास सापडतं, आणि जवळून पाहायला हीच सगळ्यात चांगली वेळ. एकदा ते तापलं की तुमच्या हातात काही राहत नाही.

जवळ जाताना सावली कीटकावर पडू देऊ नका. बहुतेक जण इथेच चुकतात. कीटकांचे संयुक्त डोळे (असंख्य बारीक भिंगांचे बनलेले) हालचाल फार चटकन टिपतात, त्यामुळे वाकून, थांबत थांबत पुढे सरका. हात एकदम वर नेऊ नका. चतुर उडाला तर पाठलाग नको. अनेक चतुर त्याच काडीवर परत येतात, तेव्हा दोन-तीन मिनिटं जागेवरच उभे राहा.

चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण सडपातळ कीटक) यांत गोंधळ होत असेल तर बसल्यावर पंख पाहा: चतुराचे आडवे पसरलेले, बहुतेक टाचण्यांचे पाठीवर मिटलेले. फुलावरची 'मधमाशी' हवेत एका जागी स्थिर तरंगत असेल आणि मिशा अगदी आखूड असतील, तर ती बहुधा होव्हरफ्लाय, म्हणजे मधमाशीसारखी दिसणारी माशी. तिला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. ओल्या चिखलावर फुलपाखरांचा घोळका दिसला तर अवश्य थांबा; क्षार शोषायला आलेले ते बहुतांशी नर असतात.

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर रुंद भिंगाची. १० पटीच्या दुर्बिणीत हाताचा कंप जास्त जाणवतो. पण कीटकांसाठी त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती जवळचं स्पष्ट दिसतं. दोन मीटरपर्यंत फोकस होत असेल तर एकाच दुर्बिणीत दोन्ही कामं होतात. वापरण्याआधी उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. हे न केल्यानेच अनेकांचं डोकं दुखतं. चष्मा असेल तर आयकप (डोळ्यांना टेकणाऱ्या कडा) खाली दाबून ठेवा. आणि पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. मान खाली घातली की तो हरवलाच.

ऊन चढल्यावर लांबचं चित्र थरथरू लागलं तर काच पुसत बसू नका, ती तापलेल्या हवेची करामत आहे. तेव्हा जवळचं पाहा, नाहीतर आभाळाकडे: वर चढणाऱ्या गरम हवेवर घारी, गरुड घिरट्या घालू लागतात. वेडा राघू हा मधमाश्या खाणारा पक्षी आसपास असेल तर त्याची फांदीही सोडू नका. पकडलेली मधमाशी तो फांदीवर आपटतो, घासतो, नांगी आणि विष काढतो आणि मगच गिळतो.

याच उन्हात घरट्यावर पंख किंचित पसरून, चोच उघडून बसलेला पक्षी दिसला तर लगेच मागे फिरा. तो अंड्यांवर किंवा पिल्लांवर सावली धरून असतो. तुमच्यामुळे तो काही मिनिटं जरी उठला, तरी ती कडक उन्हात उघडी पडतात.