पावसाळा, गोगलगाई आणि तुमचा झेंडू

कोथरूडला तळमजल्यावर बाग, पहिल्या पावसानंतर झेंडूची रोपं रातोरात गायब, सगळीकडे चकचकीत चिकट रेघा, वाफ्यात मीठ टाकून झालंय, घरात कुत्रा, आणि विषारी गोळ्या आणाव्या का हा तुमचा प्रश्न. गोळ्या आत्ता नकोत. का ते सांगते.

हाताच्या मुठीएवढी, तपकिरी पट्ट्यांच्या शंखाची असेल तर ती आफ्रिकन शंखी गोगलगाय. २०२२ साली लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं हिनेच फस्त केली. मूळची पूर्व आफ्रिकेची, १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आणली गेली आणि इथलीच झाली. उन्हाळाभर शंखाचं तोंड बंद करून मातीत, दगडाखाली पडून असते आणि पहिल्या पावसाला उठते. नर-मादी एकाच अंगात, त्यामुळे प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते, तीही एका वेळी शंभरावर. म्हणून जूनमध्ये उचललेली एक ही ऑगस्टमधल्या शेकड्याच्या बरोबरीची.

तेव्हा झाडाभोवती तटबंदी करत बसण्यापेक्षा त्या दिवसा कुठे झोपतात ते शोधा. कुंड्यांखालच्या ताटल्या, रचून ठेवलेल्या विटा, कंपाऊंडलगतचा पालापाचोळा, मनी प्लांटचं जंगल, पाण्याच्या मीटरची पेटी. कुंडी उचलून बुडाचं भोकही बघा, पिल्लं तिथे हमखास असतात. वरची इंच-दोन इंच माती खुरप्याने हलवली की साबुदाण्यासारखी पांढरट पिवळी अंडी सापडतील. ती चिरडून टाका, कंपोस्टात नकोत.

संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याच्या कडेला अंथरा. पपईची किंवा कोबीची पानं खाली ठेवली तर आणखी बरं. सकाळी उलटून बघा. शिवाय जेवणं झाल्यावर टॉर्च घेऊन एक फेरी. हातमोजे घालाच, कारण यांच्यात उंदरांच्या फुप्फुसात वाढणारा एक जंत असतो आणि तो माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. याच कारणाने कच्ची पालेभाजी नीट धुवा आणि कुत्र्याला त्यांना तोंड लावू देऊ नका. गोळा केलेल्या सगळ्या मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका आणि नंतर खोल पुरा. शेजारच्या कंपाऊंडात भिरकावणं हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय, पण त्या परत येतात. शेजारीही येतात.

तुम्ही वाफ्यात मीठ टाकलंय, ते थांबवा. गोगलगाय मरते, पण मातीही खारट होते आणि झाडं कोमेजतात. मीठ बादलीतच ठीक. चुन्याची पट्टी कोरडी असेपर्यंत काम करते, म्हणजे पुण्याच्या जुलैत जवळपास कधीच नाही. व्हरांड्यातल्या कोरड्या कोपऱ्यात चालेल. झाडाभोवती कोंबडीच्या अंड्यांची टरफलं पसरण्यावर माझा विश्वास नाही. तो उलट कॅल्शियमचा खाऊ, शंखाला तोच लागतो. चुना लावलेल्या भिंती त्या चाटतात त्या त्यासाठीच.

पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला. रात्री माती वरून जितकी कोरडी तितकं त्यांना सरकणं अवघड. अर्थात पाऊस चालू असताना या सल्ल्याला काही अर्थ नाही. झेंडूची नवी रोपं वीतभर होईपर्यंत कठड्यावर किंवा टांगत्या कुंडीत वाढवा, मगच खाली लावा. नर्सरीतून रोप आणलं की पिशवीचं बूड तपासा, बऱ्याचदा पाहुणी तिथूनच येते. लाल मातीच्या पोत्याचंही तेच.

आता गोळ्या. दुकानात साधारणपणे मिळतात त्या मेटाल्डिहाइड या विषाच्या, कोंड्यात मिसळलेल्या. काम करतात, पण कोंड्याचा वास कुत्र्यालाही आवडतो आणि थोड्याशा खाण्यानेही झटके येतात. घरात कुत्रा असेल तर त्या आणूच नयेत. आयर्न फॉस्फेटच्या मिळाल्या तर त्या तुलनेने बऱ्या, तरी डबा कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही असा ठेवा. भारद्वाज बागेत उतरत असेल तर त्याला हुसकू नका, तो गोगलगाई आवडीने खातो, आणि विषारी गोळ्या न टाकण्याचं तेही एक कारण.

एकट्याच्या बागेत भागणार नाही. सोसायटीच्या मागच्या भिंतीलगतचा कचरा पावसाआधीच उचलायला लावा. या आठवड्यात सकाळी गोणपाट आणि रात्री टॉर्च एवढं करा, आणि किती मिळतात ते इथेच कळवा.