भज्या, कैरी आणि ‘बरी सावरलीस हो’

“माणूस जाऊन चार महिने झाले नाहीत आणि मला हसू येतं. माझं काही चुकतंय का?” हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला बायका आणि पुरुष दोघेही घेऊन येतात, फक्त पुरुष तो जरा आडून विचारतात. कुणी नातवाच्या बोबड्या बोलण्यावर हसलेलं असतं, कुणाला बऱ्याच दिवसांनी आमटी चवीची लागलेली असते. शैलाताईंना हसू आलं ते कुत्र्यामुळे. त्यांच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील आणि नावं बदलली आहेत. कुत्र्याचंही बदललं, त्यावर त्या थोड्या नाराज आहेत.

शैलाताई साठीच्या, पुण्यातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमान डिसेंबरात अचानक गेले, हृदयविकाराने. मुलगी बंगळूरला. घरात उरल्या त्या आणि भज्या. हा गावठी, तांबूस रंगाचा, यजमानांनी एका पावसाळ्यात भज्यांच्या गाडीखालून उचलून आणलेला. त्याला फिरवणं कायम त्यांच्याकडे. शैलाताईंचा संबंध पोळी घालण्यापुरता आणि सोफ्यावर केस पडले की कुरकुर करण्यापुरता. पण घरात काय झालंय याच्याशी कुत्र्याच्या पोटाला देणंघेणं नसतं. सकाळी सहाला तो पट्टा तोंडात धरून उभाच. नाइलाजाने त्या खाली उतरू लागल्या.

पाडवा आला. यंदा सण नाही, म्हणून गुढी नाही, गोडधोड नाही. त्या सकाळी सोसायटीच्या आंब्याखाली भज्याला एक बाळकैरी सापडली. त्याने चावली. आंबट लागल्याबरोबर नाक मुरडून शिंकला, चार पावलं मागे सरला, कैरीवर भुंकला आणि पुन्हा तीच उचलली. परत शिंक. परत भुंकणं. शैलाताईंना हसू आवरेना, पोटात दुखेपर्यंत हसल्या. नेमक्या त्याच वेळी नणंद फाटकातून आत येत होती. ती एवढंच म्हणाली, “बरी सावरलीस हो तू.”

या वाक्यात तसं वावगं काही नाही. पण आपल्याकडे वाक्याचा सूर बोलणाऱ्याचं काम करून जातो. दुसऱ्या दिवसापासून शैलाताईंनी भज्याला फिरवायला एक मुलगा लावला आणि स्वतः घरात बसल्या. दुपारचं जेवण सुटलं, पहाटे तीनला जाग यायला लागली. मुलीने फोनवर आवाज ओळखला आणि माझ्याकडे पाठवलं.

“चाळीस वर्षांचा संसार, मॅडम, आणि मी एका कैरीवर हसत सुटले. माझी मायाच कच्ची होती म्हणायची.”

अशा वेळी ‘हसा हो, हसणं चांगलं असतं’ असं सांगून काहीही उपयोग होत नाही. समोरचा माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन आणखी खजील होतो. मी त्यांना ती सकाळ पुन्हा सावकाश सांगायला लावली. कैरी केवढी होती, भज्या कसा शिंकला, नणंद येऊन गेल्यावर काय केलंत.

“वर आले. दारात चपला काढल्या आणि हाक मारायला तोंड उघडलं, अहो, ऐकलंत का, ह्याने काय केलं… आणि मग तिथेच उंबऱ्यात बसून रडले. इतकी तर मी दहाव्याला रडले नव्हते.”

म्हणजे हसू आणि रडू यांत दोन मजल्यांचंच अंतर होतं, आणि दोन्हीकडे नवराच होता. मी त्यांना मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांची मांडणी सांगितली. नेदरलँड्समधल्या या दोन अभ्यासकांनी 1999 मध्ये लिहिलं की शोक एका सरळ रेषेत पुढे जात नाही. माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी रोजच्या जगण्याकडे वळतो: बिलं भरतो, कुत्रा फिरवतो, हसतोसुद्धा. मग पुन्हा आठवणीकडे जातो. ही ये-जा म्हणजेच सावरणं. सतत एकाच बाजूला अडकून राहणं उलट जास्त त्रासाचं. शाळेतल्या बाईच त्या, ऐकून म्हणाल्या, “म्हणजे मधली सुट्टी.” चालेल, म्हटलं.

काम मी साधंच दिलं. मुलाला सुट्टी द्या, भज्याला तुम्ही न्या. ‘आनंद घ्या’ असं मी मुद्दाम म्हटलं नाही, कारण हुकमी आनंदाचंही ओझं होतं. कुत्र्याला घाईने ओढू नका, हवं तितकं हुंगू द्या. तो खाली हुंगेल तेवढा वेळ तुम्ही वर बघा. आणि जे त्यांना सांगावंसं वाटेल ते लिहा. यजमानांना बँकेकडून मिळालेली कोरी डायरी घरात होतीच.

त्या डायरीतल्या काही ओळी त्यांनी मला वाचून दाखवल्या. ‘नीलमोहराचा सडा पडलाय. भज्या त्यात लोळला. तुम्ही म्हणाला असतात, आता आंघोळ तू घाल.’ ‘तांबट दुपारभर टुक टुक करतोय. तुम्हाला या आवाजाचा राग यायचा.’ ‘कडुनिंब मोहरलाय, संध्याकाळी गॅलरीत वास येतो. भज्या माझ्याआधी जाऊन बसतो.’ ‘पन्हं केलं, एकटीपुरतं. एका कैरीचंही जास्त झालं.’ ही शेवटची ओळ वाचताना त्यांचा आवाज गेला. पुढे होतं, ‘साल ह्याने पळवली. शिंकला.’ आणि त्या पुन्हा हसल्या, माझ्यासमोर, डोळे पुसत.

चैत्र सरता सरता त्या भज्याच्या बाबतीत यजमानांपेक्षा कडक झाल्या. निघण्याआधी डांबरावर हाताची पालथी बाजू टेकवून बघायची, चटका बसला तर फिरणं रद्द. आंब्याची कोय त्याच्या तोंडी लागू द्यायची नाही, आतड्यात अडकते. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का ते चष्मा लावून बघायचं.

नणंदेचं काय, हे विचारायला हवंच. शैलाताईंना तिच्याशी बोलणं तोडायचं होतं. मी एवढंच सुचवलं की तिने भाऊ गमावलाय. तिला बरोबर रडायला कुणीतरी हवं होतं आणि नेमकी भावजय हसताना दिसली. पुढे एका संध्याकाळी शैलाताईंनी तिलाच डायरी वाचायला दिली. दोघी रडल्या म्हणे. भज्याबद्दल नणंदेचं मत अजून फारसं चांगलं नाही.

ही हकीगत वाचून कुणी दुःखातल्या माणसासाठी पिल्लू आणून देऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. कुत्रा म्हणजे बारा-तेरा वर्षांची जबाबदारी, औषधाची बाटली नव्हे. शैलाताईंकडे भज्या आधीपासून होता. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांच्याकडे कुंड्या असतात, शेजारचं पोर असतं.

आणि उलट काळजीही सांगते. हसू येणं हा आजार नाही. पण सहा महिने उलटूनही शोकाची धार तसूभर कमी होत नसेल आणि रोजचं जगणंच ठप्प असेल, तर तो ‘दीर्घकाळ रेंगाळलेला शोक’ असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो वेगळा नोंदलेला आहे. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना जरूर दाखवावं. जगणंच नको वाटत असेल तर सहा महिने थांबायचं नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं.

शैलाताईंची पुढची भेट मी गुरुवारी ठेवली होती. त्यांनी ती पुढे ढकलली. गुरुवारी भज्याची रेबीजची लस होती, आणि डॉक्टरांकडे गर्दी असते म्हणून त्या नणंदेलाही सोबत नेणार होत्या, पट्टा धरायला.