टीव्हीवरचा माणूस सरकारवर बोलला अन् काका ग्रुप सोडून गेले

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर नावाच्या भागातलं, दौलतगंजच्या बाजूचं. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलानं फॅमिली ग्रुपवर एक क्लिप टाकली, तिकडच्या टीव्हीवरचा एक समालोचक युद्ध चालू असताना तिथल्याच सरकारवर कडक बोलतोय अशी, आणि खाली लिहिलं, "अॅट लास्ट समबडी सेड इट". दहा मिनिटांत लष्करच्या काकांचा मेसेज, "लढाई चालू असताना स्वतःच्या सरकारवर चिखल उडवणारा माणूस देशाचा नसतो, आणि ज्या देशाचं मीठ खाता त्याच्याबद्दल तरी नीट बोला". मुलानं उलट उत्तर दिलं, काका ग्रुपमधून बाहेर, आजोबा गप्प, आणि ताईंच्या मिस्टरांचं ग्रीन कार्ड अजून अडकलेलं म्हणून ते म्हणतात सगळं डिलीट करा. ताई विचारतात, मी कुणाची बाजू घेऊ?

ताई, बाजूचं नंतर बघू. आधी काकांबद्दल बोलते, कारण परदेशात राहून हे विसरायला होतं की ग्वाल्हेरला युद्ध टीव्हीवर नसतं, डोक्यावरून जातं. महाराजपुऱ्याच्या तळावरची मिराज विमानं उडाली की आमच्या खिडकीची तावदानं वाजतात, २६ फेब्रुवारी २०१९ ला बालाकोटला गेलेली मिराज इथूनच उडाली होती, आणि मे २०२५ मध्ये मॉक ड्रिल झाली त्यात आपलं शहर होतं. तुम्हीच लिहिलंय की काका हवाई दलात होते, कारगिलच्या वेळी मिराजच्या ग्राउंड क्रूमध्ये. ज्या माणसानं रात्रभर जागून विमान तयार केलं आणि मग ते परत येईपर्यंत आकाशाकडे बघत उभा राहिला, त्याच्या कानावर "सरकार चुकलं" हे वाक्य "तुझी ती रात्र फुकट गेली" असं पडतं. ते राजकारण बोलत नाहीयेत ताई, ते त्या रात्रीबद्दल बोलतायत.

पण म्हणून काकांचं म्हणणं बरोबर होत नाही, हेही मला तितक्याच मनापासून सांगायचंय. सरकारवर टीका आणि जवानांवर टीका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आपल्या ग्वाल्हेरच्या माणसाला तरी वेगळं सांगायला नको. १९६२ ला २० ऑक्टोबरला चीनचं आक्रमण सुरू झालं तेव्हा संसदेचं अधिवेशन लगेच बोलवा असा आग्रह धरणाऱ्यांमध्ये राज्यसभेतले एक तरुण खासदार होते, अटलबिहारी वाजपेयी, इथेच जन्मलेले. नेहरूंनी अधिवेशन बोलावलं, ८ नोव्हेंबरला सुरू झालं, गुप्त बैठक घ्या अशी सूचना आली तीही मानली नाही, आणि लढाई चालू असतानाच सरकारचे वाभाडे उघड्यावर निघाले. त्याच दिवसांत संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावं लागलं आणि यशवंतरावांना दिल्लीला बोलावणं आलं. "हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला" हे वाक्य काका आजही अभिमानानं म्हणत असतील, तर त्यांना प्रेमानं आठवण करून द्या की सह्याद्रीला धावायला लागलं ते आधी कुणीतरी सरकारला जाब विचारला म्हणून.

आता मुलाकडे. त्याला वाटतंय की असं पहिल्यांदाच कुणीतरी बोललं. तसं नाहीये, आणि त्याच्याच देशाची गोष्ट त्याला माहीत असायला हवी. व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, १९६८ च्या जानेवारीअखेर उत्तर व्हिएतनामच्या बाजूनं टेटचा म्हणून ओळखला जाणारा मोठा हल्ला झाला, त्यानंतर सीबीएस या टीव्ही वाहिनीचे बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट स्वतः तिकडे गेले, ह्युए शहरातली लढाई बघून आले, आणि २७ फेब्रुवारीच्या खास कार्यक्रमात शेवटी, हे माझं मत आहे असं स्पष्ट सांगून बोलले की युद्ध कोंडीत अडकलंय आणि बोलणी हाच मार्ग आहे. ३१ मार्चला प्रेसिडेंट जॉन्सननी आपण परत निवडणुकीला उभे राहणार नाही असं जाहीर केलं. लोक या दोन तारखा जोडून "एका माणसानं युद्ध फिरवलं" अशी कथा सांगतात, जॉन्सनच्या तोंडी "क्रॉन्काइट हातचा गेला म्हणजे देश हातचा गेला" अशा अर्थाचं एक वाक्यही घालतात ज्याचा पक्का पुरावा नाही. लोकांचं मत तर त्याच्या कितीतरी आधीपासून फिरत चाललं होतं. मला मुलाला यातलं एकच दाखवायचंय, तो माणूस आधी जाऊन बघून आला, मग बोलला, आणि बातमी कुठे संपली अन् मत कुठे सुरू झालं ते त्यानं लपवलं नाही. तुमच्या मुलानं टाकलेली क्लिप चाळीस सेकंदांची होती असं तुम्हीच लिहिलंय. अख्खा कार्यक्रम त्यानं बघितलाय का? काकांनी तर नाहीच बघितला. दोघं चाळीस सेकंदांवरून भांडले.

आणि लोक चिडतात ही काही आपल्या घराचीच गोष्ट नाही. १९८२ ला फॉकलंड बेटांवरून ब्रिटन अन् अर्जेंटिनाचं युद्ध चालू असताना बीबीसीचे पीटर स्नो नुसतं "ब्रिटिश म्हणतात ते खरं मानायचं तर" अशा धर्तीचं बोलले, "आपले" न म्हणता "ब्रिटिश" म्हणाले, तर एका खासदाराला ते जवळजवळ देशद्रोहाचं वाटलं आणि पंतप्रधान थॅचरबाईंनी संसदेत नाराजी बोलून दाखवली. २००१ ला ११ सप्टेंबरनंतर सहाच दिवसांनी अमेरिकेत टीव्हीवर विनोदी चर्चेचा शो चालवणारे बिल माहेर म्हणाले की विमानं आदळवणारे भेकड नव्हते, दोन हजार मैलांवरून क्षेपणास्त्रं सोडणारे आपण भेकड, तर जाहिरातदार निघून गेले आणि पुढच्या वर्षी त्यांचा तो शो बंद झाला. हे वाक्य त्या आठवड्यात ज्याच्या घरातलं माणूस गेलं होतं त्यानं ऐकलं असेल तेव्हा त्याला काय झालं असेल, हा विचार मुलानं करावा असं मला फार वाटतं. म्हणून माहेरना बोलायचा हक्क नव्हता असं मी म्हणत नाही. पण जखम ओली असताना ऐकणाऱ्याला पूर्ण वाक्य ऐकूच येत नाही, त्याला फक्त आवाज येतो.

मिस्टरांची काळजी मात्र अजिबात हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्ममध्ये २०१९ पासून गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची अकाउंट्स विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगतायत. मुलगा तिथलाच नागरिक आहे, तो बोलू शकतो, त्याचा तो हक्कच आहे, पण त्याला समोर बसवून सांगा की बाबांचे कागद वेगळे आहेत, बाबांच्या फोनवरून किंवा बाबांच्या नावाच्या अकाउंटवरून काही फॉरवर्ड करू नकोस. घाईघाईनं जुनं सगळं डिलीट करत बसू नका, त्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. त्याची फी खर्चिक वाटेल, पण इथे ग्रुपवरच्या मामांचा सल्ला कामाचा नाही.

आता तुम्ही काय करायचं. ग्रुपवर कुणाचीच बाजू घेऊ नका, ग्रुपवर समेटही करायला जाऊ नका, तिथे पंचवीस जण बघत असतात आणि बघणारे असले की कुणी मागे सरत नाही. रविवारी आपल्याकडे रात्री आठ वाजता, म्हणजे तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळी साडेदहाला, काकांना व्हिडिओ कॉल लावा, ते जेवण उरकून झोपाळ्यावर बसलेले असतात हे तुम्हाला माहीतच आहे. मुलाला जवळ बसवा. सॉरी म्हणायला लावू नका, खोटं सॉरी काकांना लगेच कळेल. त्याला फक्त विचारायला सांगा, काका, कारगिलच्या वेळी रात्री तुम्ही नक्की काय करायचात? आणि मग त्याला मध्ये बोलू देऊ नका, मराठी अडखळली तरी चालेल, पण ऐकू दे. काकांचं बोलून झालं की मग त्याला म्हणू दे की मला त्या समालोचकाचं म्हणणं तरीही पटतं, आणि का ते सांगू दे. काका चिडतील थोडे. चिडू द्या.

पहिल्यांदा फोन उचलणार नाहीत बहुतेक. परत लावा.