कॉल-पुट समजायला बागेतला इसार पुरेसा आहे

तुम्ही विचारलंय की ५०,००० रुपये आहेत, शेअर बाजारातल्या ऑप्शन्समधले कॉल-पुट म्हणजे नक्की काय आणि सुरुवात कुठल्या स्ट्रॅटेजीने करावी. मी देवगडकडचा, घरची हापूसची बाग आहे, तेव्हा बागेवरूनच सांगतो.

फेब्रुवारीत कैरी सुपारीएवढी असताना व्यापारी येतो असं धरा. म्हणतो, "एप्रिलअखेर १०० पेट्या २,००० ने मला द्यायच्या. पेटीमागे २०० आत्ता घ्या, माल नाही उचलला तर ते तुमचे." भाव ३,००० झाला तर तो उचलणार, पेटीला ८०० सुटणार. १,४०० वर आला तर फिरकणारही नाही, गेले ते २००. हा कॉल. २,००० स्ट्राइक, २०० प्रीमियम, एप्रिलअखेर एक्स्पायरी. मी मात्र बांधला गेलो. फळगळ झाली, पेट्या भरल्याच नाहीत आणि भाव ५,००० झाला, तर बाजारातून घेऊन त्याला २,००० ने द्यायच्या. हातात माल नसताना कॉल विकणं म्हणजे हेच. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका.

पुट याच्या उलट, ठरल्या भावाने विकायचा हक्क. हातातल्या शेअर्सचा विमाच.

खरी फसगत पुढे आहे. शेअर बाजाराचा निर्देशांक निफ्टी २४,००० वर असताना २४,२०० चा कॉल १०० ला घेतला. एक्स्पायरीला निफ्टी २४,१८०. अंदाज बरोबर, तरी १०० चे शून्य! माझे पहिले पैसे असेच गेले. प्रीमियममध्ये वेळेची किंमत असते, ती आढीतल्या आंब्यासारखी. शेवटच्या दिवसांत झपाट्याने उतरते.

त्याऐवजी २४,००० चा कॉल १८० ला घेऊन २४,२०० चा १०० ला विकला असता तर खर्च ८०. त्याच २४,१८० ला १०० पॉइंट सुटले असते. तोटा फार तर ८०, नफा फार तर १२०. हा बुल कॉल स्प्रेड, सुरुवात यानेच करा. स्ट्रॅडल, आयर्न कॉन्डोर अशा अवघड स्ट्रॅटेजी वर्षभर बाजूला ठेवा. शेअरच्या ऑप्शनमध्ये एक्स्पायरीला प्रत्यक्ष डिलिव्हरी होते, म्हणजे शेअर्स खरोखर द्यावे-घ्यावे लागतात, हेही लक्षात असू द्या.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात एफ-अँड-ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झालेला दिसतो. तुमचे ५०,००० फवारणीचे किंवा मुलांच्या फीचे असतील तर यात आणू नका.

सौदा टाकण्याआधी निफ्टी पाच वेगवेगळ्या जागी थांबला तर काय सुटेल, ते वहीत मांडा. अडलात तर आकडे इथेच लिहा, मी बघून सांगतो.