उद्यमवर ‘ट्रेडिंग’ लिहिलंत, आता चक्रवाढ व्याज कसं मागणार?

रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका वाचकाचे पाच बिलांचे 11 लाख 40 हजार तळोज्याच्या कंपनीकडे अडकलेत. कंपनीने वकिलामार्फत कळवलं आहे, ‘तुम्ही ट्रेडर आहात, एमएसएमई कायदा तुम्हाला लागू नाही.’ वागळे इस्टेट, महापे, पावणे इथूनही हेच रडगाणं येत असतं.

एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा कायदा: पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ, हे पत्र पाठवणाऱ्या तुम्हाला पाठ आहे. पण उद्यम या सरकारी पोर्टलवरच्या एमएसएमई नोंदणीत मुख्य व्यवसाय काय लिहिलाय? तुमच्याच प्रमाणपत्रावर ‘ट्रेडिंग’ आणि 46 ने सुरू होणारा व्यवसायाचा कोड, म्हणजे घाऊक व्यापार. 2 जुलै 2021च्या आदेशाने व्यापाऱ्यांना उद्यमवर घेतलं ते फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतं. थकलेल्या पैशांचं संरक्षण त्यांना नाही. फुकटात होणाऱ्या नोंदणीसाठी एजंटला 500 रुपये दिलेत आणि त्याने काय भरलं ते तीन वर्षं उघडून पाहिलं नाहीत!

दुरुस्ती आजच करा, 27 ने सुरू होणारा विद्युत उपकरणांच्या निर्मितीचा कोड घाला. पण तो पुढच्या ऑर्डरींसाठी. ऑर्डरनंतर केलेल्या नोंदणीचा फायदा मागच्या व्यवहाराला मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022मध्ये म्हटलं. 2025मध्ये दुसऱ्या खंडपीठाने तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. तुमची नोंदणी आधीची आहे, चुकलाय तो वर्ग. त्याला हाच नियम लावतील का, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

युक्तिवाद करायचाच तर कागदांवर करा. महावितरणचं औद्योगिक दराचं बिल, गाळ्याच्या भाडेकरारातला ‘उत्पादन’ हा शब्द, एमसीबी, कॉन्टॅक्टर, तांब्याच्या बसबारच्या खरेदीची बिलं, वायरमनचे पगार, प्रत्येक पॅनेलचं ड्रॉइंग आणि मेगरचा (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राचा) टेस्ट रिपोर्ट. सगळ्यात आधी स्वतःची विक्रीची बिलं बघा. एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) 8537 खाली ‘कंट्रोल पॅनेल 1 नग’ असेल तर तुम्ही उत्पादक दिसता. स्विच, रिले, केबल अशा सुट्या ओळी असतील तर समोरच्याचं म्हणणं तुम्हीच लिहून दिलंय.

ठाण्याच्या कोकण विभागीय परिषदेत, म्हणजे एमएसएमईंच्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज घालू शकता, पण त्या एकाच भरवशावर बसू नका. पहिल्या बिलाची 30 दिवसांची उधारी एप्रिल 2024ला संपली, म्हणजे दाव्याची तीन वर्षं एप्रिल 2027ला भरतात. रक्कम 3 लाखांच्या वर असल्याने दावा व्यापारी न्यायालयात जाईल आणि तातडीचा आदेश नको असेल तर त्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिथले महिने आणि कोर्टाच्या तारखा यांचा हिशेब शेवटच्या महिन्यात करू नका. एनसीएलटीची, म्हणजे कंपनीला दिवाळखोरीत खेचणाऱ्या न्यायाधिकरणाची, धमकी देऊ नका, तिथली किमान मर्यादा 1 कोटी आहे हे त्यांच्या वकिलाला ठाऊक आहे.

कंपनीने बाकी मान्य केल्याचा एखादा सहीचा कागद मुदतीत मिळाला तर तीन वर्षं नव्याने मोजली जातात. आणि पाचही डिलिव्हरी चलनांवर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलंच नाही.