पहाटेच्या वीस मिनिटांसाठी दुर्बीण

प्रश्न : मी बसवर कंडक्टर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा कणकुंबीची वस्तीची गाडी असते. पहाटे गाडी सुटायच्या आधी वीसेक मिनिटं मिळतात, तेव्हा मागच्या उंबरावर धनेश येतात. पण त्या उजेडात नुसती काळी सावली दिसते. मोठी दुर्बीण गळ्यात अडकवून तिकिटं फाडणं जमत नाही, म्हणून एका डोळ्याची, म्हणजे मोनोक्युलर घ्यावी म्हणतो. ३,५०० रुपयांपर्यंत घालू शकतो. मोबाइलवर '४० बाय ६०' अशी हजाराच्या आत मिळते. खिशात मावणारी '१० बाय २५'ही आहे. वय ४७, चष्मा आहे. कुठली घेऊ? थंडीत धुपदाळला करकोचे बघायला तीच चालेल का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ८ बाय ४२ घ्या. या दोन्हींपैकी एकही नको.

तुमची पहाट मला चांगली ठाऊक आहे. माउलीच्या देवळापाशी धुकं झाडांच्या निम्म्यावर उतरलेलं असतं आणि धनेशाचा आवाज आधी येतो, पक्षी मागाहून. अशा वेळी पक्षी किती मोठा दिसतो यापेक्षा डोळ्यात उजेड किती पोचतो, हे महत्त्वाचं. दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांतला पहिला किती पट मोठं दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. रुंदीला पटीनं भागा. १० बाय २५ चे येतात अडीच, ८ बाय ४२ चे सव्वापाच. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली की डोळ्याच्या बाजूच्या काचेत एक उजळ ठिपका दिसतो, तो एवढ्याच मिलिमीटरचा असतो. एकीत मोहरी, दुसरीत मसूर. त्याच ठिपक्यातून सगळा उजेड डोळ्यात जातो. आपल्या डोळ्याची बाहुली झुंजुमुंजू उजेडात मोठी होते, तुमच्या वयाला पाचेक मिलिमीटर धरा. तिथं मोहरीएवढा ठिपका आला तर बाहुली उपाशीच राहते. भर दुपारी १० बाय २५ काही वाईट नाही, पण दुपारी तुम्ही गाडीत असता.

८ बाय ४२ शर्टाच्या खिशात मावणार नाही, हे खरं. पाण्याच्या छोट्या बाटलीसारखी ती तिकिटाच्या बॅगेत उभी राहते. ती अडचण सोसा.

'४० बाय ६०'च्या वाटेला जाऊ नका. खरोखर ४० पट दाखवणारी दुर्बीण हातात धरली तर हाताचा कंपही ४० पट दिसेल, पक्षी फांदीवर ठरणारच नाही. आणि या स्वस्त दुर्बिणी ४० पट नसतातच, बहुतेक आठ-दहा पटीच्या निघतात. कुणाकडे असेल तर पडताळा घ्या. समोरच्या घराच्या कौलांकडे एका डोळ्यानं दुर्बिणीतून आणि दुसऱ्या डोळ्यानं तशीच नजर लावा. दोन्ही चित्रं एकावर एक येतात. दुर्बिणीतल्या एका कौलाच्या उंचीत बाहेरच्या कौलांच्या किती ओळी बसतात ते मोजा, तेवढी पट. कौलांच्या खानापुरात या परीक्षेला कुठं लांब जायला नको!

आता ८ बाय ४२ घेताना काय बघायचं? तुम्हाला चष्मा आहे, म्हणून डोळा काचेपासून किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते आधी विचारा. इंग्रजीत त्याला आय रिलीफ म्हणतात, तो १५ मिलिमीटर किंवा जास्त हवा. रबरी वाटी खाली दुमडता किंवा फिरवता आली पाहिजे. नाहीतर चष्म्यातून भोकातून डोकावल्यासारखं मधलंच तेवढं दिसेल. आत प्रिझम, म्हणजे उजेड वळवणारा काचेचा ठोकळा, बीएके-४ नावाच्या चांगल्या काचेचं असलं तर बरं. तो मघाचा ठिपका इथंही कामाला येतो : पूर्ण गोल असला तर ठीक, कडा चौकोनी कापल्यासारख्या करड्या दिसल्या तर काच हलकी. पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब हिरवट-जांभळं यावं. पांढरं फटक आलं तर भिंगावर उजेड वाया न जाऊ देणारा लेप नाही, आणि लालभडक भिंगांचा मोह तर अजिबात नको.

तुमच्या रकमेत साध्या कंपन्यांच्या मिळतात आणि त्यांचे दोन नग सारखे निघतीलच असं नाही. म्हणून दुकानात घेतलीत तर बाहेर येऊन बघा. बेळगावच्या खडेबाजारात एका टोकाला उभं राहून लांबची कन्नड पाटी वाचा. त्या अक्षरांच्या गोलाईतली बारकी वळणं सुटी दिसली तर भिंग चांगलं. मग विजेची तार आभाळावर धरा, तिच्या कडेला जांभळी किनार फार दिसली तर दुसरा नग मागा. मोबाइलवरून मागवलीत तर परत करायची मुदत असलेलीच मागवा आणि पहिल्याच वस्तीला नेऊन पारखा.

पावसाचं मात्र मनावर घ्या. माझी पहिली दुर्बीण एका पावसाळ्यात गेली. चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती, गणपतीत काढली तर भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. बुरशी. साफ करायचे पैसे नव्या दुर्बिणीएवढे सांगितले. फार जीव तुटला होता माझा, त्या दुर्बिणीतून मी पहिल्यांदा स्वर्गीय नर्तक पाहिला होता. कणकुंबीचा पाऊस तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी मिळाली तर दोनशे-चारशे जास्त घाला. ती असली तरी घरी आल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. भिंग खाकी शर्टाच्या टोकानं पुसू नका, रस्त्याची धूळ असते त्यावर. आधी फुंकून धूळ उडवा, मग मऊ कापड.

धरायची पद्धत अशी : कोपर बरगडीला टेकवा, अंगठा गालाच्या हाडाला, आणि खांदा गाडीच्या दाराला. पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी हेरा. नजर तिथून न हलवता दुर्बीण डोळ्याशी आणा. पहिले दोन आठवडे पक्षी सापडणार नाही, फांद्याच सापडतील, चालवून घ्या.

मग तुमच्या उंबरावर बघा. चोचीवर काळी-पिवळी मोठी शिंगासारखी टोपी आणि पोट पांढरं असेल तर तो मलबारी कवड्या धनेश. टोपी मुळीच नाही आणि अंग सगळं राखाडी, तर मलबारी राखी धनेश. हा खदाखदा हसल्यासारखा ओरडतो. कणकुंबीकडच्या त्या भीमगडच्या रानात दोघंही आहेत.

धुपदाळचं म्हणाल तर चालेल, पण तिथं पाणी मोठं आणि बघणं तासन्‌तास. एका डोळ्यानं इतका वेळ बघितलं की कपाळ दुखायला लागतं, तिथं दोन डोळ्यांची दुर्बीणच सुखाची. बरोबर कुणी असेल त्याची आळीपाळीनं वापरा. कांड्या करकोच्यांचा करडा थवा आणि काळी मान तुमच्या ८ बाय ४२ मधून ओळखू येईल. डोळ्यामागून निघणारा पांढरा तुरा थवा काठाजवळ उतरला तरच दिसेल. सकाळी सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा.