लिलावातले घर : आधी ताब्याची ओळ वाचा

थकीत कर्जापोटी बँकांनी लिलावात काढलेली घरे गुंतवणूक म्हणून घेऊ पाहणाऱ्या नागपूरकर वाचकांच्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : मनीषनगरातील एका फ्लॅटची राखीव किंमत, म्हणजे बोलीची किमान रक्कम, चालू दरापेक्षा बरीच कमी आहे, मात्र जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ असे लिहिले आहे. घ्यावा काय?

उत्तर : किंमत कमी का, हे तुमच्याच प्रश्नात आले आहे. थकीत कर्जापोटी गहाण मालमत्ता बँकेला ताब्यात घेऊन विकू देणारा सरफेसी कायदा, 2002 यानुसार 60 दिवसांची मागणी नोटीस देऊनही कर्ज फिटले नाही, तर बँक ताब्याची नोटीस दारावर चिकटवते आणि वर्तमानपत्रात छापते. एवढ्याने होतो तो सांकेतिक ताबा. घरात कर्जदाराचे कुटुंब बहुधा राहतच असते. त्यांना बाहेर काढण्यासाठी कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि तो बँकेने करायचा असतो. आदेशासाठी कायद्यात 30, फार तर एकूण 60 दिवस सांगितले असले, तरी पुढे पोलीस बंदोबस्त मिळून घर रिकामे होईपर्यंतचा काळ कोणी लिहून देत नाही, आणि तोवर तुमची रक्कम अडकलेली व भाडे शून्य. घरात भाडेकरू असेल, तर त्याचा करार गहाणाच्या आधीचा व नोंदणीकृत आहे काय, हे पाहा. तसा असल्यास त्याला काढणे सोपे नाही.

‘प्रत्यक्ष ताबा’ छापलेले असले तरी पाहणीला स्वतः जा. एका अशिलासोबत मी असेच एक घर पाहायला गेलो, तेव्हा पुढच्या दारावर बँकेचे सील होते खरे, पण मागच्या अंगणात ओले टॉवेल वाळत होते आणि विजेचे मीटर चालू होते. आम्ही बोली लावली नाही.

प्रश्न : बोली जिंकल्यावर गृहकर्ज काढून पैसे भरता येतील काय?

उत्तर : येतील, पण कर्जाची तयारी बोलीच्या आधी हवी. समजा राखीव किंमत 40 लाख असून तुम्ही 10 टक्के, म्हणजे 4 लाख ईएमडी (बोलीआधी भरायची अनामत रक्कम) भरली आणि 44 लाखांना बोली जिंकली. ईएमडी धरून 25 टक्के, म्हणजे 11 लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे असल्याने 7 लाख हाताशी असले पाहिजेत. उरलेले 33 लाख विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत द्यायचे. बँकेने लेखी मान्य केल्यास ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेली रक्कम जप्त होते. मुद्रांक शुल्क वेगळे धरा.

प्रश्न : हुडकेश्वर भागातील प्लॉटवरचे घर लिलावात आहे. बँकेने कागद तपासलेच असतील ना?

उत्तर : या समजुतीवर विसंबू नका. शहराच्या कडेचे अनेक लेआउट शेतजमिनीवर पडलेले असून गुंठेवारी कायद्याखाली पुढे नियमित झाले, काही अजूनही झालेले नाहीत. म्हणून नियमितीकरणाचे पत्र, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे ‘आरएल’ म्हणतात ते, मंजूर नकाशा, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा आणि निदान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी व बोजांच्या जुन्या नोंदींचा तपास, हे सारे वकिलाकडून पाहून घ्या. भूखंड नागपूर सुधार प्रन्यासच्या भाडेपट्ट्यावरचा असेल, तर नूतनीकरण आणि हस्तांतरणाची परवानगी यांची चौकशी प्रन्यासमध्येच करा. ‘जसे आहे, जिथे आहे’, म्हणजे मालमत्ता आहे त्या स्थितीत घेण्याच्या अटीवर विक्री होते; मालमत्ता कराची थकबाकी महापालिकेत, विजेची महावितरणमध्ये विचारून ती बोलीच्या हिशेबात वजा धरा, कारण विजेची जुनी थकबाकी नियमांत तशी तरतूद असल्यास लिलावातील खरेदीदाराकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये म्हटले आहे.

प्रश्न : मी जिंकल्यावर कर्जदाराने सगळे पैसे भरले तर?

उत्तर : लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाली की घर सोडवून घेण्याचा त्याचा हक्क संपतो, 2016 च्या दुरुस्तीने हे ठरले आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दुजोरा दिला. मात्र नोटिशीत किंवा मुदतीत चूक झाली असेल, तर तो नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात 45 दिवसांत दाद मागू शकतो आणि तेथे विक्री रद्दही होऊ शकते. त्यामुळे तेथे एखादे प्रकरण चालू आहे काय, हे बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला बोलीआधी लेखी विचारा आणि त्याचे उत्तर जपून ठेवा.